'कॅस्टिगेट' : शिक्षा की शोधन?

गेल्या चैत्रात फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या महाजनांची सभा मंडपात भरली होती. उत्सवनिधीचा हिशेब मागील समितीने मुदतीत सादर केला नव्हता. त्यासंबंधी वरून एक इंग्रजी हुकूम आला होता आणि त्याचा मराठी सारांश सभेपुढे वाचावयाचा होता. हुकुमात एके ठिकाणी असे होते की, ह्या दिरंगाईबद्दल मागील समितीस 'कॅस्टिगेट' करण्यात येत आहे. सारांशात ते वाक्य उतरले ते असे : "समितीस शिक्षा करण्यात आली आहे." चिटणिसांनी हे वाचले मात्र, मागील समितीचे खजिनदार, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, खांबाचा आधार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्हाका ख्यास्त? हांवें कितें चोरलां?"

सभा तेथेच थबकली. हिशेबाला उशीर झाला होता हे त्यांनाही मान्य होते. पैशाचा अपहार झाला असे हुकुमात कोठेही नव्हते. पण 'शिक्षा' हा शब्द एकदा मंडपात उच्चारला गेला की तो खांबाखांबावर आदळून परत येतो. शिक्षा झालेल्या मनुष्याने पालखीला खांदा द्यावा काय, अशी कुजबूज मागच्या रांगेत सुरू झालीच. आता खरे सांगावयाचे तर तो सारांश माझ्याच कचेरीतून गेला होता. हाताखालच्या तरुण वकिलाने कोश उघडून पहिला अर्थ उचलला होता आणि मी मजकूर नीट न पाहता खाली सही केली होती. मी उठून खुलासा करू लागलो, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी मूळ इंग्रजी शब्द विचारला. मी तो सांगताच ते म्हणाले, "कास्तिगार! म्हणजे ख्यास्तच ना, वकीलबाब?" त्यांचे प्राथमिक शिक्षण १९६१ पूर्वीचे, पोर्तुगीज शाळेतले. 'कास्तिगु' म्हणजे काय हे ते कोशातून शिकले नव्हते. पालमातोरिया नावाच्या लाकडी पळीने तळहातावर ते त्यांना शिकविण्यात आले होते.

पोर्तुगीजपुरते ते बरोबर होते आणि इंग्रजीपुरता मी बरोबर होतो. एकाच लॅटिन क्रियापदाची ही दोन रूपे इतक्या दूर कशी गेली, हे शोधावे म्हणून मी घरी येऊन पुस्तके काढली. त्या शोधात जे हाती लागले ते शब्दार्थापुरते राहिले नाही. आपण टीका म्हणून जे काही लिहितो, बोलतो व छापतो, त्यालाच ते येऊन भिडले.

लॅटिनमध्ये मूळ शब्द 'कास्तिगारे'. त्याचे दोन तुकडे पडतात : 'कास्तुस' म्हणजे शुद्ध आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, चालविणे, करणे. हे 'आगेरे' आपल्याला परके नाही. ऋग्वेदात 'अजति' म्हणजे हाकतो, हे क्रियापद येते ते त्याचेच भावंड. नाव हाकणे ते 'नाविगारे' आणि शुद्ध करणे ते 'पुर्गारे' हे शब्दही ह्याच साच्यातले. ह्या 'पुर्गारे'तील 'पुरुस' आपल्या पवित्र, पावन ह्या शब्दांच्या 'पू' धातूशी नाते सांगतो. तेव्हा 'कास्तिगारे'चा शब्दशः अर्थ शुद्धतेकडे हाकणे असा होतो. फटका, चाबूक, अपशब्द ह्यांपैकी काहीही त्याच्या अंगात मुळात नाही.

'कास्तुस' म्हणजे शुद्ध असे म्हटले खरे, पण कोणत्या अर्थी शुद्ध? आपल्या वाचकांना हे सांगणे सोपे जाईल, कारण आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : सोवळा. प्राचीन रोममध्ये देवतेच्या व्रताच्या काळात काही पदार्थ व काही व्यवहार वर्ज्य करीत, त्या नियमालाही 'कास्तुस' हेच नाव होते. त्याच्या उलट 'इन्केस्तुस', म्हणजे ओवळा, धर्मबाह्य. त्यातूनच निषिद्ध नात्यातील संबंधाला इंग्रजीत मिळालेले नाव आले. 'कास्तुस'च्याही मागे जावे तर भाषाशास्त्रज्ञांत दोन मते आढळतात. एका मताने तो संस्कृत 'शस्' म्हणजे कापणे ह्या धातूच्या कुळातला, म्हणजे दोषापासून तोडून वेगळा केलेला. दुसऱ्या मताने तो 'शास्' ह्या धातूच्या कुळातला, म्हणजे ज्याला शिकवून तयार केले आहे असा, आपला 'शिष्ट'. पहिल्या धातूपासून आपल्याकडे शस्त्र झाले आणि दुसऱ्यापासून शास्त्र. एका काऱ्याच्या फरकाचा हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. मला मात्र त्यात सगळ्या टीकाव्यवहाराचे चित्र दिसते. टीकाकाराच्या हातात ह्या दोहोंपैकी काय आहे, हेच तर आपण प्रत्येक वेळी विचारीत असतो.

ह्याच 'कास्तुस'चे आणखी एक अपत्य गोव्याच्या भूमीवर वाढले, त्याची ओळख येथेच करून देतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. पोर्तुगीज भाषेत वंश, कुळ, जात ह्यांसाठी 'काश्ता' हा शब्द आहे. त्याची परंपरागत व्युत्पत्ती 'कास्तुस'च्या स्त्रीलिंगी रूपाकडे नेतात : निर्भेळ, न मिसळलेली ती. तो गॉथिक भाषेतून आला असे मानणारेही आहेत. पोर्तुगीजांनी येथील समाजाला तो शब्द लावला. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेच्या ठरावात तो आढळतो, आणि यूल व बर्नेल ह्यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या १८८६ च्या कोशात त्या ठरावाचा हवाला दिला आहे. तेथून तो इंग्रजीत गेला आणि 'कास्ट' झाला. म्हणजे परंपरागत व्युत्पत्ती खरी धरली, तर दोष धुऊन काढणारे क्रियापद आणि जन्मावरून माणसे वेगळी ठेवणारे नाम, ही दोन्ही एकाच पोटची.

ह्या शुद्धीच्या क्रियापदाच्या हाती चाबूक कोणी दिला? कायद्याने. रोमन विधिज्ञ कॅलिस्ट्रेटस ह्याचे एक वचन जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'डायजेस्ट'मध्ये संगृहीत आहे. त्यात मारण्याच्या तीन प्रतींना तीन नावे दिली आहेत : काठीने मारणे ही समज, चाबकाने मारणे ही 'कास्तिगातिओ', आणि साखळीने मारणे हे ताडन. काठीलाही समज म्हणणाऱ्या त्या विधिज्ञाच्या विनोदबुद्धीचे कौतुक करावे की त्याच्या काळाची कीव करावी हे कळत नाही. पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे. पहिल्या दोन्ही प्रकारांत मार खाणारा सुधारून परत यावा अशी कल्पना होती, म्हणूनच त्यांना सौम्य नावे मिळाली.

आपल्याकडची प्रतवारी ह्याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंडाचे चार क्रम सांगितले आहेत : प्रथम वाग्दंड, मग धिग्दंड, तिसरा धनदंड आणि सर्वांत शेवटी वधदंड, म्हणजे देहदंड. रोमची यादी काठीपासून सुरू होते आणि आपली शब्दापासून. त्याच अध्यायात पुढे असेही मत आहे की, राजाने दंड केलेला अपराधी निर्मळ होतो. हे तर 'कास्तिगारे'चे संस्कृत भाष्यच झाले. मनूच्या दंडनीतीत अपराध्याच्या वर्णाप्रमाणे दंडाचे माप बदलते, आणि ते आज कोणाही विचारी माणसास मान्य होणार नाही. शुद्धीची कल्पना आणि जातीची कल्पना एकाच पानावर शेजारी बसतात, हे केवळ लॅटिनमध्येच घडले असे नव्हे. तथापि वाग्दंड आणि धिग्दंड असे दोन वेगळे क्रम पाडण्यात जी सूक्ष्म दृष्टी आहे, तिच्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कृत्याचा दोष शब्दांत सांगणे वेगळे आणि माणसाचा धिक्कार करणे वेगळे, हे त्या स्मृतिकाराला ठाऊक होते. आमच्या वृत्तपत्रांच्या संपादकांना ते ठाऊक आहे की नाही, ह्याची मला शंका आहे.

मध्ययुग संपता संपता ह्या शब्दाला एक निराळे आणि फार सुंदर वळण मिळाले. हस्तलिखितांच्या नकला करताना लेखनिकांच्या चुका ग्रंथांत साचत गेल्या होत्या. त्या शोधून मूळ पाठ मोकळा करण्याचे काम युरोपातील पंडितांनी हाती घेतले आणि त्या कामाला त्यांनी नाव दिले 'कास्तिगातिओ'. व्हेनिसच्या एर्मोलाओ बार्बारो ह्याने प्लिनीच्या 'निसर्गेतिहासा'वर असे काम केले. त्याचा ग्रंथ १४९२-९३ मध्ये रोम येथे छापला गेला आणि त्यात सुमारे ५,००० चुका सुधारल्या आहेत असे सांगतात. त्या ग्रंथाचे नावच मुळी प्लिनीचे 'कास्तिगातिओनेस'. कोणी भोळा वाचक समजेल की बार्बारोने प्लिनीला फटके मारले. प्रत्यक्षात त्याने प्लिनीच्या अंगावरची चौदाशे वर्षांची धूळ झटकली होती.

आपल्याकडे ह्याच्यानंतर शंभर वर्षांच्या आत तेच काम एका संताने केले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले होते. एकनाथमहाराजांनी अनेक प्रती पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. बार्बारोला ह्या कामास 'कास्तिगातिओ' म्हणता आले. आपण त्याला शोधन म्हणतो. शोधन म्हणजे शुद्ध करणे आणि शोधन म्हणजे धुंडाळणे, असे दोन्ही अर्थ ह्या एका शब्दात नांदतात. दोष सापडल्याखेरीज शुद्धी होत नाही, हे त्या शब्दाच्या घडणीतच आले आहे.

आणि आता आमच्या 'टीका' ह्या शब्दाकडे पाहा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका. तेथे टीका म्हणजे अर्थ उकलून दाखविणे. ग्रंथावर प्रेम असल्यावाचून ती करता येत नाही. तोच शब्द आज आपण दूषण देणे ह्या अर्थी वापरतो, आणि कोणी कोणावर टीका केली असे ऐकताच, आता तो काय प्रत्युत्तर देणार इकडे आपले कान लागतात. पाठशुद्धीचे नाव इंग्रजीत शाब्दिक झोडपणीचे नाव झाले आणि अर्थविवरणाचे नाव मराठीत निंदेचे झाले. वेदांगातली 'शिक्षा', उच्चारशास्त्र शिकविणारी, ती तर तुरुंगात जाऊन बसली. एकमेकांना न विचारता दोन्ही समाजांनी आपले शिकविण्याचे शब्द मारण्याच्या कामी लावले, ह्यात काहीतरी विचार करण्यासारखे आहे खास.

इंग्रजीत 'कॅस्टिगेट' हे क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभी येते. शेक्सपिअरच्या 'टायमन ऑफ अथेन्स'मध्ये ते आहे. ते नाटक १६२३ मध्ये प्रथम छापले गेले. संपत्ती गमावून रानात राहू लागलेल्या टायमनला अपेमान्टस म्हणतो की, हे कठोर राहणे तू स्वतःचा गर्व ताळ्यावर आणण्यासाठी पत्करले असतेस तर ठीक होते, पण तू ते नाइलाजाने पत्करले आहेस. 'कॅस्टिगेट' करावयाचे ते स्वतःच्या गर्वाला! त्याच कवीच्या 'ऑथेल्लो'त ह्याचे नाम उपवास आणि प्रार्थना ह्यांच्या पंक्तीला बसले आहे. म्हणजे इंग्रजीत हा शब्द प्रथम आला तेव्हा त्याच्या अंगावर अजून व्रताचे वस्त्र होते.

पुढे ते उतरले. इंग्रजी कायद्यात 'कॅस्टिगेटरी' नावाचे एक यंत्रच होते. ब्लॅकस्टनने आपल्या 'कॉमेंटरीज'च्या १७६९ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात त्याचे वर्णन केले आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडणारी, तोंडाळ बाई हा त्या कायद्याने सार्वजनिक उपद्रव मानला होता. तिला एका लांब दांड्याच्या टोकाशी बांधलेल्या खुर्चीत बसवीत आणि तळ्यात बुचकळून काढीत. ब्लॅकस्टन मोठ्या गांभीर्याने हेही नमूद करतो की, कायद्यातील मूळ लॅटिन संज्ञा स्त्रीलिंगी असल्याने हा अपराध फक्त स्त्रियांनाच लागू पडतो. पुरुष कितीही तोंडाळ असला तरी त्याच्यासाठी खुर्ची नाही. त्याला बहुधा संपादकाची खुर्ची मिळत असावी. कठोर बोलणाऱ्या बाईला सोवळी करण्यासाठी पाण्यात बुडवावयाचे आणि त्या यंत्राला शुद्धीकारक म्हणावयाचे, असा तो न्याय होता. हा अपराध इंग्लंडच्या कायद्यातून रीतसर निघाला तो १९६७ मध्ये. आपल्याकडेही फटक्यांची शिक्षा १९०९ च्या कायद्याने चालत होती. ती १९५५ च्या कायद्याने रद्द झाली.

चाबूक गेला तरी शब्द राहिला. आज 'कॅस्टिगेट' करणे म्हणजे केवळ शब्दांनी, पण अधिकाराच्या आसनावरून, कठोर दोष देणे. म्हणून तो न्यायालयांच्या बातम्यांत वारंवार दिसतो. आमची वृत्तपत्रे त्यासाठी 'ताशेरे ओढले' असे लिहितात. ह्या ताशेऱ्यांना काही मर्यादा आहे काय?

ह्या प्रश्नाचा निकाल १९६३ मध्येच लागलेला आहे, आणि त्या निकालामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयात आनंद नारायण मुल्ला नावाचे न्यायमूर्ती होते. ते उर्दूतले नामांकित कवी होते आणि १९६४ साली त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. एका पोलीस अधिकाऱ्याने खोटा पुरावा रचल्याचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. निकाल देताना त्यांनी त्या अधिकाऱ्यापाशी न थांबता साऱ्या पोलीसदलाला धारेवर धरले, आणि देशातील कोणत्याही बेकायदा टोळीच्या गुन्ह्यांची नोंद ह्या संघटित दलाच्या जवळपास येणार नाही, ह्या आशयाचे वाक्य लिहिले. कवीचे वाक्य ते. आजही लोक त्याचा उल्लेख करतात. उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नईम' ह्या निवाड्यात न्यायालयाने ते सरसकट ताशेरे निकालातून वगळले आणि तीन कसोट्या घालून दिल्या. ज्याच्यावर ताशेरे ओढावयाचे तो न्यायालयापुढे आहे काय, किंवा त्याला आपली बाजू मांडण्याची संधी होती काय? त्या ताशेऱ्यांना आधार देणारा पुरावा कागदपत्रांत आहे काय? आणि प्रकरणाचा निकाल लावण्यासाठी ते ताशेरे आवश्यक आहेत काय?

मुल्लांच्या मनातला संताप खरा असेल. तो सज्जनाचा संताप होता ह्याविषयीही मला संशय नाही. पण एका अधिकाऱ्याच्या अपराधावरून ज्या हजारो शिपायांना त्या वाक्याने फटका बसला, त्यांपैकी एकाचेही म्हणणे ऐकलेले नव्हते. ज्याला ऐकलेच नाही तो त्या फटक्याने शुद्ध कसा होणार? तो फक्त दुखावतो. सर्वोच्च न्यायालयाने व्युत्पत्तिशास्त्राचा आधार घेतलेला नाही हे खरे, पण 'कास्तुस' आणि 'आगेरे' ह्यांची ताटातूट झाली की काय होते, हे मला त्या निवाड्याइतके स्पष्ट अन्यत्र कोठे आढळले नाही. वाक्य जितके चटकदार, तितकी ही ताटातूट लपून राहते, हेही त्या प्रकरणाने शिकविले.

न्यायाधीशासाठी ह्या कसोट्या झाल्या. ग्रंथपरीक्षकासाठी कसोटी आहे काय? तीही आहे, आणि ती पावणेदोनशे वर्षे होत आली तरी आपल्या कायद्यात जशीच्या तशी बसून आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमात अब्रुनुकसानीची व्याख्या असून तिला दहा अपवाद आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ३५६ वे कलम झाले आहे. त्यातला सहावा अपवाद असा की, जी कृती कर्त्याने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांविषयी, आणि त्या कृतीतून दिसतो तेवढ्यापुरत्या कर्त्याच्या स्वभावाविषयी, सद्भावनेने मत देणे हा अपराध नव्हे. त्याखालची दोन उदाहरणे प्रत्येक परीक्षकाने आपल्या मेजासमोर लावून ठेवावीत अशी आहेत. अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा तो दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, असे म्हणणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. पण त्याचे पुस्तक मूर्खपणाचे निघाले ह्याचे मला नवल नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि स्वैराचारी आहे, असे म्हणणाऱ्याला देत नाही. दोन्ही वाक्यांतली कठोरता जवळजवळ सारखी, किंबहुना पहिले वाक्यही काही गोड नाही. फरक आहे तो दिशेचा. पहिला परीक्षक पुस्तकातून माणसाकडे जातो आणि दुसरा माणसातून पुस्तकाकडे.

ह्या संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये तयार करणाऱ्या आयोगाचा प्रमुख मेकॉले होता, आणि तो काही मवाळ परीक्षक नव्हे. हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १८३० साली, त्याने 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये रॉबर्ट मॉन्टगोमेरी नावाच्या त्या काळी खपणाऱ्या कवीची अशी काही साले काढली की, आज तो कवी कोणाला आठवत असेल तर त्या परीक्षणामुळेच. पण त्यात कवितेच्या ओळी समोर ठेवून त्यांतल्या उपमा कशा फसल्या आहेत ते दाखविले आहे, आणि जाहिरातीच्या जोरावर पुस्तकांना थोरपण आणण्याच्या प्रथेवर हल्ला आहे. निर्दय लेखन खरे, पण दिशा चुकलेली नाही.

आता हीच कसोटी घरच्या उदाहरणाला लावतो. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठी गद्याला जो ताठपणा आणि जी लय दिली, तिचे ऋण माझ्यासारख्या प्रत्येक निबंधलेखकावर आहे. शाळकरी वयात मी त्यांची वाक्ये मोठ्याने वाचीत असे. परंतु जोतीराव फुले ह्यांच्या लेखनावर त्यांनी जे लिहिले, ते त्याच शाळकरी कानांनी वाचले तर आजही हसू येते आणि वकिलाच्या डोळ्यांनी वाचले तर मान खाली जाते. जोतीरावांचे व्याकरण कच्चे आहे असे म्हणण्याचा शास्त्रीबुवांना पूर्ण अधिकार होता. तो पुस्तकातला दोष, तो दाखविणे हे शोधन. त्यांच्या इतिहासविषयक तर्कांत चुका आहेत असे सांगण्याचाही अधिकार होता. पण शूद्र म्हणून त्यांच्या जन्माला जेथे टोमणा बसला, तेथे परीक्षक माणसातून, नव्हे त्याच्या कुळातून, पुस्तकाकडे आला. संहिता तेव्हा अमलात येऊन बारा वर्षे उलटली होती. सहाव्या अपवादाचे संरक्षण त्या टोमण्यांना मिळाले असते असे मला वाटत नाही. वर ज्या दोन भावंडांची ओळख करून दिली, ती येथे एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसतात. शुद्ध करण्यासाठी म्हणून उचललेली लेखणी 'काश्ता' विचारू लागली. आणि त्या लेखनाने जोतीरावांचे व्याकरण सुधारले काय? नाही. त्यांच्या प्रश्नांना उत्तर मिळाले काय? तेही नाही. वाचणाऱ्यांची मात्र काही काळ करमणूक झाली.

हे १५० वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून द्यावे तर आपल्या अंगणात काय दिसते? १९६७ च्या जनमत कौलाच्या सुमारास आणि पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी मराठी व कोकणी पक्षांच्या लोकांनी एकमेकांविषयी जे लिहिले, ते काढून पाहावे. मी दोन्हीकडची पत्रके जमवून ठेवली आहेत. भाषेच्या व्याकरणाविषयी, वाङ्मयाविषयी, शाळांविषयी त्यात जे आहे ते पुष्कळसे आजही वाचण्यासारखे आहे. पण लिहिणारा कोणाच्या पैशावर लिहितो, त्याचे आडनाव काय, त्याचे मूळ गाव घाटावर की किनाऱ्यावर, ह्याची चौकशी जेथे सुरू होते तेथे दोन्हीकडची भाषा आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी होते. दोन्ही भाषा एकाच अंकात छापणाऱ्या मासिकाच्या वाचकांपुढे हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण हे मासिक हाती घेणारा वाचक त्या चौकशीला कंटाळलेला असणार.

मग 'कॅस्टिगेट'ला मराठीत काय म्हणावे? झोडपणे, फटकारणे ह्यांत चाबूक आहे, पण 'कास्तुस' नाही. साले काढणे हे इंग्रजीतल्या 'एक्स्कोरिएट' ह्या दुसऱ्याच क्रियापदाशी तंतोतंत जुळते. त्यातले लॅटिन 'कोरिउम' म्हणजे कातडे, आणि ते आपल्या 'चर्म'चे दूरचे सोयरे. हजेरी घेणे ह्यात थोडी थट्टा आहे. खरडपट्टी ह्यात लाकूड गुळगुळीत होते एवढे तरी समाधान, पण हुकुमाच्या भाषेत तो शब्द शोभत नाही. निर्भर्त्सना भारदस्त आहे खरी, परंतु ती धिग्दंडाच्या घरची.

माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द आपल्या आजीच्या तोंडचा आहे : कानउघाडणी. ज्याची करावयाची त्याचे कान बंद झाले आहेत, ते उघडले की तो ऐकेल, आणि ऐकले की सुधारेल, असा विश्वास त्यात गृहीत आहे. कानउघाडणी समोर बसवून करावी लागते. जो समोर नाही त्याचे कान कसे उघडणार? नईमच्या निवाड्यातली पहिली कसोटी ह्या शब्दात आपोआप पाळली जाते. कठोरपणा हवा असेल तर 'कडक' हे विशेषण लावता येते. जन्मावरून, आडनावावरून कोणाची कानउघाडणी करता येत नाही. करून पाहा, वाक्यच जमत नाही.

पुढच्या सभेस मी सुधारलेला सारांश घेऊन गेलो. वाक्य असे केले होते : "हिशेबास झालेल्या विलंबाबद्दल मागील समितीची कडक कानउघाडणी करण्यात येत आहे." चिटणिसांनी ते वाचले. वृद्ध खजिनदारांनी ते पुन्हा एकदा वाचावयास लावले, क्षणभर विचार केला आणि हे चालेल म्हणून मान डोलावली. हिशेबाच्या वह्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या, त्या सभेपुढे ठेवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि वकीलबाब, न वाचतां सय करपाची कानउघाडणी कोण करतलो?"

त्यांची ही सूचना इतिवृत्तात नोंदवून घ्यावी असे मीच चिटणिसांना सांगितले.